संकल्पाची वही आणि राहिलेलं एक काम

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला संध्याकाळी आपल्या देवळात जन्मकाळ होतो. पाळणा हलतो, फुलं पडतात, सुंठवडा वाटला जातो आणि आपण सगळे हात जोडून मनातल्या मनात काहीतरी म्हणतो. काय म्हणतो? बहुतेक वेळा आपण यादी वाचतो. मुलाची नोकरी, नातीचं लग्न, गुडघ्याचं दुखणं, राहिलेलं पारायण, राहिलेली गाणगापूरची वारी. देवापुढे उभं राहिलं की राहिलेलं सगळं आठवतं. आज मी या अंकाच्या निमित्ताने अशाच एका यादीबद्दल आपल्याशी बोलणार आहे. यादी माझीच आहे, त्यामुळे कोणाला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही.

मी गेली काही वर्षं आपल्या देवळात गुरुवारी चार शब्द बोलतो. पण मी काही शास्त्री नाही. चौतीस वर्षं टपालखात्यात काढली आणि सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. त्या नोकरीने एक सवय लावली. दिवस संपला की किती टपाल आलं, किती वाटलं, किती शिल्लक राहिलं, हे लिहून ठेवल्याशिवाय उठायचं नाही. निवृत्तीनंतर टपाल गेलं, सवय राहिली. म्हणून दर गुढीपाडव्याला मी एका जुन्या वहीत त्या उन्हाळ्याचे संकल्प लिहितो. मुदत ठरलेली. पाडव्याला सुरुवात आणि मृग नक्षत्र लागलं की हिशेब. दोन-अडीच महिने मिळतात. आमच्या भागात उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात, माणसंही जरा रिकामी असतात. नांगरट करून जमीन तापत ठेवायची, म्हणजे पहिल्या पावसाला ती तयार असते. माणसाचंही तसंच, असं मला वाटतं.

यंदा पाडव्याला सात कामं लिहिली.

पहिलं, रोज पहाटे चालत देवळापर्यंत जायचं. दुसरं, तपकीर सोडायची. हो, प्रवचनकार असलो तरी तपकीर ओढतो, आपल्यापैकी पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना ते माहीत आहे. तिसरं, गुरुचरित्राचा एक सप्ताह नेमाने करायचा. चौथं, वासुदेवानंद सरस्वती महाराजांचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र पुस्तक न बघता म्हणता आलं पाहिजे. पाच श्लोक, पण माझी तिसऱ्या आणि चौथ्याची नेहमी अदलाबदल होते. पाचवं, देवळामागे लावलेल्या औदुंबराच्या रोपाला उन्हाळाभर पाणी घालायचं. सहावं, घरातला माळा उतरवायचा. सातवं, मृत्युपत्र करायचं. वय एकाहत्तर. आता नाही तर कधी?

वही मिटली, देवापुढे ठेवली, वर कडुलिंबाची पानं आणि गूळ ठेवला. आमच्या मंडळींनी ती उचलून वाचली. त्या शिकलेल्या बेताच्या, पण माझ्या वहीतली चूक त्यांना माझ्याआधी दिसते. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "अहो, यात एक राहिलंय."

मी म्हटलं, "काय राहिलं?"

"तुम्हाला माहीत आहे," एवढं बोलून त्या श्रीखंडाकडे वळल्या.

मला माहीत होतं. पण ते पुढे सांगतो.

भक्तहो, आधी संकल्प म्हणजे काय ते पाहू. आपण पूजेला बसतो तेव्हा गुरुजी उजव्या हातावर पाणी घ्यायला सांगतात आणि संकल्प सांगतात. आपल्याला वाटतं, हे लांबलचक संस्कृत कधी संपणार. पण ते नीट ऐका. त्यात काय करणार हे सगळ्यात शेवटी येतं. आधी येतं ते स्थळ : जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य देश, गोदावरीचा दक्षिण तीर. मग येतो काळ : शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग येतो करणारा : गोत्र आणि नाव. म्हणजे मी कुठे उभा आहे, आज कोणता दिवस आहे आणि मी कोण, ही तीन उत्तरं दिल्याशिवाय पुढचं बोलायची परवानगीच नाही. आणि मग ते पाणी ताम्हनात सोडायचं. सोडलेलं पाणी परत हातात येत नाही.

इच्छा आणि संकल्प यात एवढंच अंतर आहे. इच्छेला तिथी नसते. 'कधीतरी गाणगापूरला जायचं आहे' ही इच्छा. 'येत्या अमुक तिथीला मी, अमक्याचा मुलगा, निघणार' हा संकल्प. माझ्या वहीत वर्षानुवर्षं ज्या गोष्टी पुढच्या पानावर गेल्या, त्या सगळ्या बिनतिथीच्या होत्या.

गुरुचरित्राच्या नवव्या अध्यायातला रजक आपल्याला आठवत असेल. कुरवपूरला कृष्णाकाठी श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा, रोज साष्टांग नमस्कार घालणारा तो साधा परीट. वैशाखातले दिवस होते. नदीत एक राजा नावेतून आपल्या परिवारासह क्रीडा करत होता. ते वैभव बघून रजकाचं मन क्षणभर तिकडे गेलं. श्रीपादांनी ते ओळखलं आणि विचारलं, राज्य भोगायचं आहे का? मग हे पण विचारलं, की याच जन्मी की पुढच्या? तेव्हा रजकाने काय सांगितलं? मी आता म्हातारा झालो, आता भोगून काय उपयोग, पुढच्या जन्मी लहानपणापासून मिळू दे. गुरूंनी तथास्तु म्हटलं. तो बिदरचा राजा झाला. आणि त्या राज्यासकट पुन्हा मांडीवरचा फोड, वेदना आणि गाणगापूरची वाट. नृसिंह सरस्वतींनी 'अरे रजका' म्हणून हाक मारली तेव्हा कुठे त्याला ओळख पटली.

ही कथा मी चार-पाच वेळा तरी सांगितली आहे. दर वेळी बोध सांगितला तो वासनेचा. यंदा मला त्यात दुसरंच दिसलं. 'मी आता म्हातारा झालो, पुढच्या वेळी बघू.' हे वाक्य रजकाचं नाही, हे माझं वाक्य आहे. माझ्या वहीत ते न लिहिता दर वर्षी आहे. रजकाला निदान पुढच्या जन्माची हमी देणारे गुरू समोर उभे होते. आपल्याला पुढच्या उन्हाळ्याची हमी कोणी दिली आहे?

असो. उन्हाळा सुरू झाला. पहाटेचं चालणं जमू लागलं. पहिल्या पंधरा दिवसांत एकच दिवस चुकला. तपकिरीची डबी मी नदीत टाकली आणि नवव्या दिवशी नवी विकत आणली. पुन्हा सोडली, पुन्हा आणली. स्तोत्र चालता चालता म्हणायला लागलो. तिसरा श्लोक पाराजवळ आणि चौथा चिंचेजवळ, अशी मनाशी खूण बांधली आणि अदलाबदल थांबली. झाडांनी शिकवलं म्हणायचं. आपल्या दत्तप्रभूंनी चोवीस गुरू केले, त्यात एक चिंच माझ्यासाठी जास्त झाली.

रोपाची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. मी रोज दोन कळशा पाणी घालत होतो. वैशाखात मुलीकडे पुण्याला जावं लागलं, आठ दिवस. जाताना कोणाला सांगायचं राहिलं. पुण्यात रोज पारा चढत होता आणि इकडे माझं मन त्या रोपाशी. परत आलो तो थेट देवळामागे गेलो. मनाची तयारी केली होती की काडी उपटून टाकायची. बघतो तर पानं हिरवी, आळं ओलं. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशी रोज उरलेलं फुलांचं पाणी त्या आळ्यात ओतत होत्या. मी आभार मानले तर म्हणाल्या, "मास्तर, मी तर पहिल्यापासनं घालतीय. तुमी सकाळी घालता, मी रातच्याला घालती."

म्हणजे बघा. वहीत माझं नाव, 'रोपाला पाणी घातलं' अशी रोज खूण माझी, आणि रोप जगलं ते दोघांच्या पाण्यावर. त्यातल्या एकीने कुठेच काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मी वहीत त्या ओळीपुढे पूर्ण खूण केली नाही. अर्धी केली.

त्यानंतर सप्ताह धरला. चटईवर झोपणं, एकवेळ साधं अन्न, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी वाचन, मोजकं बोलणं. पहिले तीन दिवस मी अध्याय मोजत होतो, खोटं कशाला सांगू? किती झाले, किती राहिले. टपाल मोजल्यासारखं. सहाव्या दिवशी चाळिसावा अध्याय आला.

नरहरी नावाचा ब्राह्मण. अंगावर कुष्ठ. श्रीगुरूंकडे शरण आला. तेवढ्यात एक माणूस जळणासाठी औदुंबराचं वाळलेलं लाकूड घेऊन चालला होता. श्रीगुरूंनी ते वाळकं लाकूड नरहरीला दिलं आणि सांगितलं, संगमाकाठी हे रोव आणि याला त्रिकाळ पाणी घाल. याला पालवी फुटेल त्या दिवशी तुझं शरीर शुद्ध होईल. लोक हसले. अनेकांनी समजावलं, वाळलेल्या लाकडाला पानं येत नसतात, गुरूंनी तुला टाळण्यासाठी सांगितलं असेल. नरहरी थांबला नाही. अन्न सोडून पाणी घालत राहिला. शेवटी श्रीगुरू स्वतः तिथे आले, कमंडलूतलं पाणी शिंपडलं आणि त्या लाकडाला पालवी फुटली. नरहरीचा देह सोन्यासारखा झाला.

वाचता वाचता मी थांबलो. पोथी वाचताना मध्ये थांबू नये, हे मला माहीत आहे. पण आवाजच फुटेना. भक्तहो, ते लाकूड वाळलेलं होतं, मेलेलं होतं. रोपाला पाणी कोणीही घालतो, त्यात आशा असते. वाळलेल्याला पाणी घालायचं म्हणजे आपली लाज चारचौघांत मांडायची. आणि मला माझं वाळलेलं लाकूड दिसलं. आमच्या मंडळींनी पाडव्याला सांगितलेलं, यादीत नसलेलं काम.

आता ते सांगतो. हे सांगायला घरच्यांची परवानगी घेतली आहे.

आमच्या आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. मी नोकरीनिमित्त बाहेरगावी. तिचं सगळं केलं ते माझ्या थोरल्या वहिनींनी. अंग पुसणं, भरवणं, रात्री उठून कूस बदलून देणं. आईच्या हातात सोन्याच्या पाटल्यांचा जोड होता, चार तोळ्यांचा. जाण्याआधी महिनाभर तिने तो काढून माझ्याकडे ठेवायला दिला. खोलीत आम्ही दोघंच होतो. म्हणाली, "माझ्या माघारी या थोरलीला दे. तिनं माझं केलंय." मी म्हटलं, "हो आई."

तेरावा झाला. वाटणीची बोलणी झाली. शेताच्या वाटणीत दादाकडे अर्धा एकर जास्त गेला. का गेला त्याला कारणं होती, पण माझ्या मनात ते रुतलं. मी मनाशी हिशेब केला, की जमीन त्याला जास्त गेली, मग पाटल्या आपल्याकडे राहिल्या तर फिट्टंफाट. कोणाला काही बोललो नाही. घरी येऊन मंडळींना सांगितलं, आईने तुझ्यासाठी दिल्या आहेत. त्यांनी त्या लेकीच्या लग्नात घातल्या.

अकरा वर्षांपूर्वी दादा गेला. वहिनी इचलकरंजीला मुलाकडे राहायला गेल्या. येणं-जाणं होतं. दिवाळीत फराळ जायचा, संक्रांतीला तिळगूळ. त्या मला कधी वेगळं वागल्या नाहीत. त्यामुळे मला आणखी सोपं झालं.

चौतीस वर्षांत मी एकही मनीऑर्डर चुकीच्या हातात पडू दिली नाही. विधवा म्हाताऱ्यांच्या अंगठ्यापुढे साक्षीदाराची सही घेतल्याशिवाय दहा रुपये दिले नाहीत. पत्ता सापडला नाही तर टपाल पाठवणाऱ्याकडे परत जातं, हा नियम. आणि माझ्या स्वतःच्या आईने माझ्या हातात दिलेलं टपाल, पत्ता माहीत असताना, मी एकोणीस वर्षं दाबून ठेवलं. हे परत तरी कोणाकडे पाठवणार? पाठवणारी निघून गेली होती.

सातवं काम आठवतं ना, मृत्युपत्र? ते गेली चार वर्षं वहीत येत होतं. दर वर्षी मी कागद घेऊन बसायचो. घर लिहायचो, ठेवी लिहायचो आणि 'दागिने' या शब्दावर येऊन उठायचो. मला वाटायचं मरणाची भीती आहे. भीती मरणाची नव्हती. ते माझ्या सहीने लिहून द्यायची भीती होती.

सप्ताहाचं उद्यापन झाल्यावर रात्री मंडळींना सगळं सांगितलं. वाटलं होतं त्या चिडतील, रडतील. त्या म्हणाल्या, "आईंनी काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पण दर दिवाळीला मी पेटीतून पाटल्या काढल्या की तुम्ही उठून बाहेर जाता. एकोणीस वर्षं बघतेय. काहीतरी आहे एवढं कळत होतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मीही विचारलं नाही. मलाही त्या हव्याच होत्या." त्यांचं हे बोलणं मी विसरणार नाही. माझ्या पापातला आपला वाटा त्यांनी न मागता उचलला.

मृगाला चार दिवस राहिले होते. मी म्हटलं, आधी वाडीला जाऊ, महाराजांच्या पादुकांपाशी पाटल्या ठेवू, क्षमा मागू आणि मग इचलकरंजीला जाऊ. मंडळी म्हणाल्या, "वाडीला नंतर. महाराजांना दाखवून काय करायचंय? पाटल्या त्यांच्या आहेत का?"

भक्तहो, मी इतकी वर्षं प्रवचनं करतो आणि हे मला कळलं नव्हतं. ज्याचं देणं आहे त्याला चुकवून देवाकडे क्षमा मागायला जायचं, हा सोपा मार्ग आहे. देव काही बोलत नाही, म्हणून तो सोपा.

एस.टी.ने इचलकरंजीला गेलो. दुपारची वेळ, सगळीकडे मागांची खडखड. वहिनी पलंगावर बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत. पाणी झालं, सरबत झालं. मी पिशवीतून डबी काढून त्यांच्या पुढे ठेवली. घोकून गेलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हटलं, "वहिनी, आईनं या तुम्हाला द्यायला सांगितल्या होत्या. मी दिल्या नाहीत."

त्यांनी डबी उघडली. बराच वेळ पाटल्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं, भाऊजी. सासूबाईंनी मलाबी सांगितलं हुतं, की धाकट्याकडं दिल्यात, तो तुला देईल."

मला जमीन फाटावी असं झालं. म्हणजे एकोणीस वर्षं त्यांना माहीत होतं. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, लेकीच्या लग्नात मांडवात वावरताना जावेच्या हातात त्याच पाटल्या, सगळं बघत होत्या. मी विचारलं, "मग मागितल्या का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "मागितल्या असत्या तर पाटल्या मिळाल्या असत्या. दीर गेला असता."

मग त्यांनी मंडळींना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "घाल बघू माझ्या हातात." हात सुजलेले, पाटल्या मनगटावर चढेनात. साबण लावून मंडळींनी कशाबशा चढवल्या. वहिनी हात उन्हाकडे धरून बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "सासूबाईंच्या हातात सैल व्हायच्या." त्यानंतर कोणी पाटल्यांवर बोललं नाही. दहीभात खाल्ला आणि निघालो. त्यांनी माफ केलं का, असं मी विचारलं नाही. ते विचारणं म्हणजे आणखी एक काहीतरी मागणंच झालं असतं.

येताना वाडीला उतरलो. ज्येष्ठातली नदी, पाणी पार खाली गेलेलं, घाटाच्या सगळ्या पायऱ्या उघड्या. पावसाळ्यात हीच कृष्णा-पंचगंगा चढते, मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते आणि त्या पाण्यात स्नानाला लोक धावतात. उन्हाळ्यात मात्र नदी आपल्याला तळ दाखवते. मला वाटलं, माणसाच्या आयुष्यात एखादा उन्हाळा असा यावा, की पाणी उतरून तळाला काय पडलंय ते दिसावं.

तिथे पायरीवर बसून मला अवधूतांचे दोन गुरू आठवले. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला ते आपले चोवीस गुरू सांगतात. त्यातला एक समुद्र. पावसाळ्यात नद्या भरभरून येतात म्हणून तो मर्यादा सोडत नाही, उन्हाळ्यात त्या आटतात म्हणून तो कोरडा पडत नाही. वहिनी मला तशा वाटल्या. मिळालं नाही म्हणून आटल्या नाहीत. दुसरा गुरू सूर्य. उन्हाळाभर तो आपल्या किरणांनी पाणी वर घेतो. तळ्यातलं घेतो, समुद्रातलं घेतो, आपल्या घागरीतलंही घेतो. पण ते स्वतःजवळ ठेवत नाही. वेळ आली की पाऊस करून परत देतो. घेणं हा सूर्याचा दोष नाही, कारण त्याच्या घेण्याला देण्याची मुदत आहे. मी घेतलं आणि मुदत विसरलो. एकोणीस पावसाळे कोरडे गेले.

मृग लागला त्या दिवशी वही उघडून हिशेब केला. चालणं : एकसष्ट दिवस झालं, बाकीचे चुकले. तपकीर : सुटली नाही, पण डबी आठवड्याऐवजी महिना जाते. खरं तेच लिहिलं. सप्ताह : झाला. स्तोत्र : पाठ झालं. औदुंबर : जगला, अर्धं श्रेय मावशींचं. माळा : उतरवला नाही, शिडी लावली आणि काढली. मृत्युपत्र : वाडीहून आल्यावर दोन दिवसांत लिहून झालं. 'दागिने' या शब्दावर आता हात थांबला नाही. सातांपैकी चार पुरी, दोन अर्धी, एक तसंच. आणि जे वहीत नव्हतं ते आठवं झालं. ते मी शेवटी वहीत लिहिलं, पुढे खूण केली आणि खाली मंडळींची सही घेतली. साक्षीदार लागतो, हा जुना नियम.

भक्तहो, आपल्यापैकी बरेच जण माझ्याच वयाचे आहात. आपण पण येत्या पाडव्याला यादी कराल, कागदावर किंवा मनात. मला अनुभवाने चार गोष्टी कळल्या, त्या सांगतो आणि थांबतो.

यादी छोटी करा आणि प्रत्येक कामाला तिथी लावा. बिनतिथीचा संकल्प म्हणजे रजकाचा पुढचा जन्म. तुटलेला नेम पुन्हा धरायला लाजू नका. नरहरीला लोक हसले, तरी तो पाणी घालतच राहिला. आपलं काम आपण एकट्याने केलं असं समजू नका. कोणीतरी रातच्याला न सांगता पाणी घालत असतं, ते शोधून त्याला नमस्कार करा.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. यादी लिहून झाली की ती घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, जे आपल्याला भीत नाही. आणि विचारा, 'यात काय राहिलंय?' जे काम लिहायला हात धजत नाही, बहुतेक वेळा तेच करायचं असतं. बाकीची सहा-सात कामं आपण त्या एका कामापासून लांब राहण्यासाठी करत असतो. मी स्तोत्र पाठ केलं, सप्ताह केला, चाललो, सगळं चांगलंच होतं. पण आईचा निरोप पोचवल्याशिवाय ते सगळं पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखं होतं. मात्र एक सांगतो. त्या सप्ताहात बसलो नसतो तर चाळिसावा अध्याय माझ्यापुढे आला नसता. म्हणून नेम सोडू नका. नेम आपल्याला दारापर्यंत नेतो. दार मात्र आपल्यालाच वाजवावं लागतं.

कोणाचं काही आपल्याकडे राहिलं असेल, पैसे, जमीन, भांडं, एखादा शब्द, एखादा निरोप, तर ज्याचं आहे तो माणूस असेपर्यंत नेऊन द्या. माझं दैव मोठं, वहिनी आहेत. दादाला मात्र मी सांगू शकलो नाही, ते कायमचं शिल्लक राहिलं. त्या शिल्लक टपालाचा हिशेब श्रीगुरुचरणी ठेवला आहे.

देवळामागचा औदुंबर आता कमरेएवढा झाला आहे. जन्मकाळाला याल तेव्हा मागे जाऊन एकदा बघा. आणि मावशींकडून फुलं घ्या.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!